घरच्या कॉम्प्युटरवर अँटी-स्पायवेअर कोणतं ठेवायचं? आमच्या घरी हे कसं ठरलं

मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते आणि घरूनच टायपिंग-डीटीपीची कामं करते. विद्यापीठातल्या मुलांचे प्रबंध, लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, जे येईल ते. घरात कॉम्प्युटर एकच. त्यावर माझं काम चालतं, सासरे पेन्शनचं खातं बघतात आणि मुलाच्या कॉलेजची असाइनमेंटही त्यावरच होते. सप्टेंबर २०२५ मध्ये, गणपती उठल्यावर, त्यात नको ते काहीतरी शिरलं. ते साफ करून पुढे कुठलं अँटी-स्पायवेअर, म्हणजे चोरून माहिती टिपणारे प्रोग्राम पकडणारं सॉफ्टवेअर, ठेवायचं हे पक्कं व्हायला दिवाळी उलटून गेली. त्या काळात ज्याला विचारावं तो वेगळंच नाव सांगायचा आणि का ते कुणीच सांगायचं नाही. म्हणून जे केलं ते क्रमाने लिहून ठेवते.

सुरुवात अशी झाली. ब्राउझर उघडला की नेहमीचं पान न येता कुठलंतरी अनोळखी सर्चचं पान यायला लागलं. दोन दिवसांनी खाली उजव्या कोपऱ्यात लाल पट्ट्या सुरू झाल्या: ‘तुमच्या पीसीमध्ये व्हायरस सापडले आहेत, लगेच स्कॅन करा.’ पट्टीवर एका नामांकित अँटीव्हायरसचं चिन्ह होतं, पण ते सॉफ्टवेअर आमच्याकडे कधी नव्हतंच. सासऱ्यांनी ते पाहिलं आणि म्हणाले, “अगं, माझ्या पेन्शनचं काही झालं नाही ना?” त्या प्रश्नाने मी खरी हादरले. शिवाय हार्ड डिस्कवर तीन जणांचे अजून सादर न झालेले प्रबंध होते. चार-पाच वर्षांची मेहनत विश्वासाने माझ्याकडे ठेवलेली.

त्या संध्याकाळी स्कॅन वगैरे काहीच केलं नाही. आधी नेटची वायर काढली. मग फोनवर, मोबाइल डेटा वापरून, पासवर्ड बदलायला घेतले. इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी ईमेलचा बदलायचा, कारण बाकी सगळ्या खात्यांचे ‘पासवर्ड विसरलात?’ वाले दुवे त्या ईमेलवरच येतात. ईमेलमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू केलं आणि इतर सगळ्या उपकरणांवरून लॉग आउट केलं. नंतर सासऱ्यांचं नेटबँकिंग. यातलं काहीही त्या कॉम्प्युटरवरून करू नका. आत टाइप केलेलं टिपून घेणारा कीलॉगर असेल तर नवा पासवर्डही त्याच्याच हाती जाईल. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी स्वतः शाखेत जाऊन पासबुक भरून आणलं. एक-एक ओळ बोट ठेवून वाचली. पैसे जागेवर होते. गेले असते तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करायचा असतो, हा नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये त्याच दिवशी टाकून दिला.

प्रबंध बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढून घेतले. फक्त वर्डच्या फाइली, पीडीएफ आणि फोटो. सेटअपच्या फाइली मुद्दाम घेतल्या नाहीत, त्यांच्यातून रोग परत येऊ शकतो.

राजारामपुरीतल्या एका दुरुस्तीवाल्या दादांना फोन केला. दसऱ्याच्या आधीची गर्दी होती, त्यामुळे शनिवारपर्यंत थांबावं लागलं. ते आले, पाहिलं आणि म्हणाले, “वहिनी, फॉरमॅट मारूया. वर अँटीव्हायरसचं एक चांगलं पॅक टाकतो, आणि अँटी-स्पायवेअर येगळं टाकतो. दोन असली की टेन्शन न्हाई.” फॉरमॅटचे सहाशे, पॅकचे वेगळे, नुसत्या भेटीचे दोनशे. फॉरमॅट करायचा म्हणजे माझे सगळे जुने फाँट आणि डीटीपीचं सॉफ्टवेअर पुन्हा बसवायचं, त्यात आठवडा जाणार. मी दोनशे दिले आणि म्हटलं, थोडं थांबू.

‘दोन वेगळी ठेवा’ हा सल्ला मात्र डोक्यात राहिला, कारण तो मला तीन-चार जणांनी दिला होता. थोडं वाचल्यावर त्याचं मूळ सापडलं. विंडोज एक्सपीच्या काळात अँटीव्हायरस आणि अँटी-स्पायवेअर ही खरोखरच वेगळी असायची. अँटीव्हायरसवाल्या कंपन्या स्वतःहून पसरणारे विषाणू धरायच्या. टूलबार, जाहिराती दाखवणारे प्रोग्राम आणि आपण काय बघतो ते टिपणारे प्रोग्राम मात्र माणूस ‘आय अॅग्री’वर क्लिक करून स्वतःच बसवायचा, त्यामुळे त्यांना हात लावायला त्या कचरायच्या. ती जागा अॅड-अवेअर आणि स्पायबॉट सर्च अँड डिस्ट्रॉय यांनी भरून काढली. डिसेंबर २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टने जायंट नावाची अँटी-स्पायवेअर बनवणारी कंपनी विकत घेतली, आणि तिच्या सॉफ्टवेअरचाच पुढे २००६ मध्ये विंडोज डिफेंडर झाला. तेव्हाचा डिफेंडर नुसता अँटी-स्पायवेअर होता. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, तो पूर्ण अँटीव्हायरसही झाला. आज दुकानात जाऊन ‘अँटी-स्पायवेअर द्या’ म्हटलं तर अँटीव्हायरसचंच पाकीट हातात येतं, कारण दोन्ही कामं एकाच इंजिनात आली आहेत. सल्ला वीस वर्षांपूर्वी बरोबर होता. तोच अजून तोंडातोंडी चालू आहे.

आता तर दोन कायम चालणारी इंजिनं एकत्र ठेवणं उलट त्रासाचं आहे. प्रत्येक फाइल उघडताना दोघंही ती तपासायला धावतात आणि एकमेकांच्या कामात अडकतात. म्हणूनच दुसरं अँटीव्हायरस बसवलं की विंडोज आपोआप डिफेंडरचं कायम चालणारं संरक्षण बाजूला करतं. तेव्हा नवीन काही घेण्याआधी सध्या पहाऱ्यावर कोण आहे ते बघा. ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडा, खाली ‘सेटिंग्ज’मध्ये जा, तिथे ‘मॅनेज प्रोव्हायडर्स’ आहे. आमच्याकडे तिथे कॉम्प्युटरबरोबर आलेल्या एका चाचणी-प्रतीचं नाव अजून लटकत होतं, मुदत केव्हाच संपलेली. ती प्रत त्या कंपनीच्याच रिमूव्हल टूलने काढली. नुसतं ‘अनइन्स्टॉल’ केलं की काही तुकडे मागे राहतात, म्हणून कंपनीचं टूल वापरलेलं बरं. रीस्टार्ट केल्यावर डिफेंडर चालू झाल्याची हिरवी खूण दिसली.

मग सफाई. लाल पट्ट्यांनी घरात सगळ्यांना घाबरवलं होतं, आणि त्यांचा उपाय सगळ्यांत सोपा निघाला. तो व्हायरस नव्हताच. कुठल्यातरी साइटने ‘नोटिफिकेशन पाठवू का?’ विचारलं होतं आणि घरात कुणाकडून तरी ‘अलाउ’ दाबलं गेलं होतं. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असं जायचं. परवानगी असलेल्या साइटची यादी दिसते. त्यात एक अर्थ न लागणारं लांबलचक नाव होतं. ते काढलं आणि पट्ट्या त्या क्षणापासून थांबल्या. तुमच्याकडेही हेच होत असेल तर पैसे देऊन काही घेण्याआधी ही यादी बघाच, आणि त्या पट्टीवरच्या बटणावर कधीही क्लिक करू नका.

सर्चचं पान बदलणारा खरा चोर एका एक्स्टेन्शनमध्ये, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्राममध्ये, होता. फुकट पीडीएफ बदलून देणारं म्हणून आलेलं ते, आणि त्याला परवानगी होती ‘सर्व वेबसाइटवरचा डेटा वाचण्याची आणि बदलण्याची’. एवढ्या एका ओळीत सगळं आलं. नेटबँकिंगचं पानही त्यात येतं. ते काढलं, मालवेअरबाइट्स या कंपनीचं अॅडवक्लीनर हे सफाईचं साधन चालवलं (फुकट आहे, बसवावं लागत नाही), मग मालवेअरबाइट्सची मोफत आवृत्ती, आणि शेवटी डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन. या शेवटच्या स्कॅनमध्ये कॉम्प्युटर बंद होऊन विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे लपून बसलेल्याला लपायला जागा राहत नाही. उघडलेल्या फाइली आधी सेव्ह करा, ते साधारण पंधरा मिनिटं घेतं. सापडलेल्या बहुतेक गोष्टी ‘पीयूपी’ प्रकारातल्या होत्या, म्हणजे विषाणू नाहीत पण नको असलेले प्रोग्राम. कीलॉगर निघाला नाही. त्या रात्री सासरे निवांत झोपले, मीही.

आता पुढे काय ठेवायचं हा प्रश्न उरला होता आणि तो मला घाईत सोडवायचा नव्हता. आधी परीक्षणं वाचली. जर्मनीतल्या माग्डेबुर्गची एव्ही-टेस्ट ही संस्था संरक्षण, वेग आणि वापरातली सोय अशा तीन विषयांत प्रत्येकी ६ गुण देते, एकूण १८. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्ज ही अशीच दुसरी. दोन्हींचे निकाल फुकट वाचता येतात. त्यातून एक गोष्ट कळली: विंडोजमध्येच असलेला डिफेंडर आज पैसे देऊन घेतलेल्यांच्या पंक्तीत बसतो. मात्र नेट बंद असताना त्याची पकड ढिली होते, कारण नव्या फाइलीबद्दल तो मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडला विचारतो. म्हणून पेनड्राइव्ह तपासताना नेट चालू ठेवायचं, हे मी तिथून शिकले.

गुणांच्या पलीकडे मला आणखी एक बघायचं होतं: हे सॉफ्टवेअर स्वतः आपल्याबद्दल काय गोळा करतं? हेरगिरी थांबवायला ठेवलेल्यानेच ती करू नये. हा नुसता संशय नाही. अवास्टने जम्पशॉट या आपल्या उपकंपनीमार्फत वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहिती विकल्याचं उघड झालं, जानेवारी २०२० मध्ये ती उपकंपनी बंद करावी लागली आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. म्हणून कुठलंही सॉफ्टवेअर घ्या, बसवल्यावर त्याचं प्रायव्हसीचं पान उघडून वाचा. डिफेंडरमध्ये ‘ऑटोमॅटिक सॅम्पल सबमिशन’ म्हणून एक बटण आहे. संशयास्पद फाइल तो तपासायला पाठवतो. खासगी मजकूर असण्याची शक्यता असेल तर आधी विचारतो, असं तिथेच लिहिलेलं आहे. तरीही माझ्याकडच्या फाइली दुसऱ्यांचं अप्रकाशित संशोधन असल्याने मी ते बंद ठेवलं. ते बंद केलं की पिवळी खूण येत राहते, ‘डिसमिस’ करायचं. घरी असं काम नसेल तर चालूच ठेवा, संरक्षण जास्त मिळतं.

दुकानात मिळणाऱ्या एका पॅकची चाचणी-प्रत साधारण पंधरवडा वापरली. आमचा कॉम्प्युटर जुना, ८ जीबी रॅम आणि आत चकती फिरणारी जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क. माझी कसोटी एकच होती: तीनशे पानांचा, तक्ते आणि फोटो असलेला प्रबंध उघडून शेवटच्या पानावरच्या संदर्भसूचीपर्यंत जायचं. पॅक असताना सकाळी कॉम्प्युटर लावून मी चहा ठेवून यायचे तरी तो तयार नसायचा. शिवाय ‘आता व्हीपीएन घ्या, आता क्लीनर घ्या’ असे संदेश. मुदत संपल्यावर ते काढलं.

तपासण्याची एक छान पद्धत सांगते. आयकार नावाची एक चाचणी-फाइल आहे. ६८ अक्षरांचा साधा मजकूर, पूर्ण निरुपद्रवी, पण जगातले अँटीव्हायरस तो विषाणू समजून पकडतात, कारण तसं ठरवूनच ठेवलं आहे. मी तो नोटपॅडमध्ये टाकून सेव्ह केला आणि डिफेंडरने फाइल लगेच उचलली. आपलं सॉफ्टवेअर जागं आहे का, हे बघायला यापेक्षा सोपं काही नाही.

माझ्या धंद्यात खरी भीती पेनड्राइव्हची. गिऱ्हाईक येतं, पेनड्राइव्ह देतं, उघडावा तर सगळे फोल्डर शॉर्टकट झालेले. प्रत्येक चिन्हाच्या कोपऱ्यात तो छोटा वाकडा बाण. मूळ फोल्डर आतच असतात, फक्त लपवलेले. शॉर्टकटवर डबल क्लिक केलं की आधी किडा चालतो आणि मग फोल्डर उघडतो, त्यामुळे माणसाला काही झाल्याचं कळतच नाही. नुसतं ‘हिडन आयटम्स’ टिक करून फोल्डर दिसतीलच असं नाही, कारण हे किडे त्यांना सिस्टिम फाइलचं लेबलही लावतात. फोल्डर ऑप्शन्समधली ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’ ही टिकही काढावी लागते. काम झालं की ती परत लावा. आणि डिफेंडरबद्दल हे माहीत असू द्या: फाइल उघडताना तो तपासतोच, पण ‘फुल स्कॅन’मध्ये पेनड्राइव्ह मुळात धरत नाही. ड्राइव्हवर राइट क्लिक करून ‘स्कॅन विथ मायक्रोसॉफ्ट डिफेंडर’ असं आपणच करायचं.

माझ्या नणंदेचं झेरॉक्सचं दुकान आहे. तिथे दिवसभर पोरांचे पेनड्राइव्ह लागत असतात आणि तिला प्रत्येक वेळी राइट क्लिक करायला सवड नाही. तिच्यासाठी मी क्विक हील हे विकतचं अँटीव्हायरस सुचवलं. पेनड्राइव्ह लावला की आपणहून तपासण्याची सोय त्यात आहे. कंपनी पुण्याची, कैलाश आणि संजय काटकर या भावांनी १९९३ मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस या नावाने सुरू केलेली. अडलं तर फोन करायला गावातच विक्रेता असतो. दुकानासाठी या सोयीचे पैसे द्यावेत असं माझं मत आहे. पाकिटावरच्या छापील किमतीवर घेऊ नका, दोन-तीन ठिकाणी विचारा, भाव बराच उतरतो.

आमच्या घरी मात्र डिफेंडर ठेवला. ‘रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन’मध्ये नको असलेले प्रोग्राम अडवण्याची दोन्ही खणं टिक केली. ‘कंट्रोल्ड फोल्डर अॅक्सेस’ चालू केलं, म्हणजे अनोळखी प्रोग्रामला डॉक्युमेंट्समधल्या फाइली बदलता येत नाहीत. हे चालू केल्यावर माझ्या जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरची सेव्ह अडायला लागली. त्याला ‘अलाउ अॅन अॅप’मधून परवानगी दिली की झालं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मालवेअरबाइट्सच्या मोफत आवृत्तीने एक स्कॅन. ती बसवताना चौदा दिवसांची प्रीमियम चाचणी सुरू होते, ती बंद करा, नाहीतर मालवेअरबाइट्स डिफेंडरच्या जागी स्वतःची नोंद करू शकतं. सासऱ्यांसाठी वेगळं खातं काढलं, तेही ‘स्टँडर्ड’ प्रकारचं, त्यातून काही इन्स्टॉल करायचं तर माझा पासवर्ड लागतो. त्यांच्या ब्राउझरमध्ये एकही एक्स्टेन्शन नाही. एवढं सगळं करायला दोनशे रुपये लागले, ते भेटीचे.

सरकारी सोयही सांगायला हवी. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचं सायबर स्वच्छता केंद्र फेब्रुवारी २०१७ पासून आहे. तिथे भारतीय अँटीव्हायरस कंपन्यांची बॉट (आपला कॉम्प्युटर दुसऱ्याच्या ताब्यात देणारे प्रोग्राम) काढण्याची साधनं फुकट मिळतात, आणि पेनड्राइव्हवर नियंत्रण ठेवणारं यूएसबी प्रतिरोधही. फॉरमॅटचे पैसे देण्याआधी एकदा तिथे बघा.

आमचा कॉम्प्युटर विंडोज १० वर चालतो, आणि मधेच १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टचा विंडोज १० ला असलेला आधार संपला, म्हणजे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबले. आमच्या प्रोसेसरवर विंडोज ११ चालत नाही. डिफेंडरच्या व्हायरस ओळखायच्या याद्या विंडोज १० ला ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार आहेत. पण घराच्या भिंतीला पडलेली भोकं बुजवणं वेगळं आणि दाराशी राखण ठेवणं वेगळं, आणि भोकं बुजवणारे अपडेट हवे असतील तर ‘ईएसयू’साठी, म्हणजे मुदतीनंतरच्या वाढीव सुरक्षा अपडेटसाठी, नोंदणी करावी लागते. ती विंडोज अपडेटच्या पानावर ‘एन्रोल नाउ’ अशी येते. आमच्याकडे तो दुवा लगेच दिसला नाही, सगळ्यांना टप्प्याटप्प्याने देत होते. आधीचे सगळे अपडेट पूर्ण केले, आवृत्ती २२एच२ असल्याची खात्री केली, मग काही दिवसांनी आला. मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागतं आणि खातं अॅडमिनिस्ट्रेटर हवं. तीन पर्याय येतात: सेटिंग्जचा बॅकअप त्यांच्याकडे ठेवा म्हणजे फुकट, किंवा १००० रिवॉर्ड पॉइंट, किंवा ३० डॉलरइतके पैसे. मी पहिला घेतला. बॅकअपमध्ये फक्त सेटिंग्ज राहू दिल्या, डॉक्युमेंट्सचे फोल्डर वनड्राइव्हमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीत) जाणार नाहीत हे वेगळं तपासून बंद केलं.

ही मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. त्याआधी दुसरा कॉम्प्युटर घ्यायचा, त्यासाठी दर महिन्याला थोडे बाजूला टाकते आहे. जुना दुकानात बदलून देणार आहे, पण त्याची हार्ड डिस्क काढून घेऊन. तिच्यावर इतक्या मुलांचे प्रबंध आहेत, ती कुणाच्या हाती जाऊ देणार नाही.